आत वळलेलं पाऊल



मूल जन्माला आले की घरची माणसे आधी मुलगा की मुलगी ते विचारतात. मग रंग कुणाचा, नाक कुणासारखे, याची चर्चा सुरू होते. पायांकडे नीट नजर जाते ती बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईची. तेल लावता लावता तिच्या हाताला कळते, की पाऊल आत वळलेले आहे, टाच वर ओढलेली आहे आणि तळवा दुसऱ्या पायाकडे बघतो आहे. ती हळूच आजीला खूण करते. त्या घटकेपासून घरात जे बोलणे सुरू होते, त्यावर त्या मुलाचे पुढचे चालणे पुष्कळसे अवलंबून असते.

डॉक्टर या पावलाला क्लबफूट म्हणतात. सुमारे हजार मुलांमागे एकाला ते असते. मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीने आढळते, आणि जवळजवळ निम्म्या मुलांचे दोन्ही पाय तसे असतात. मी काही वैद्यकातला माणूस नव्हे; एम. ए. होऊन कॉलेजात भाषा शिकवणारा मास्तर. पण या दुखण्यात एक गोष्ट अशी आहे, की तिच्याविषयी मास्तरानेही बोलायला हरकत नाही. उपचाराचा डॉक्टरांकडचा मुख्य भाग दोन-अडीच महिन्यांत आटोपतो. पुढची चार वर्षे घरच्या माणसांची असतात, आणि काम बिघडते ते बहुतेक वेळा तिथेच.

आपली दांडी घ्या, शेजारचे नवापूर घ्या. किनाऱ्यावर बोंबील वाळवायचे मांडव, पुरुष बोटीवर, बायका टोपल्या घेऊन बाजाराला. अशा घरात आत वळलेल्या पावलाचे मूल आले, की पहिला प्रश्न सुनेला येतो, “पोटुशी असताना ग्रहणात विळी धरलीस का गं?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, पण विचारून होते आणि ती पोर मनातून खचते. अहो, ग्रहण काय एका घरावरून जाते? त्या दिवशी साऱ्या किनाऱ्यावरच्या गरोदर बायकांवर तीच सावली होती. या पावलाचे नेमके एक कारण बहुतेक मुलांत सापडत नाही. काही घराण्यांत ते एकाहून अधिक जणांत दिसते, एवढे खरे. आईच्या खाण्यात, कापण्यात, चालण्यात त्याचे मूळ शोधत बसू नये. त्यात दिवस जातात, आणि या कामात दिवसाला फार किंमत आहे.

दुसरी अडचण मालिशीची. “चोळून चोळून सरळ होईल, आमच्या अमक्याचा झाला होता,” असे सांगणारे कुणीतरी भेटतेच. तो खोटे बोलत असतो असेही नाही. पोटात आखडून बसल्यामुळे काही बाळांची पावले नुसती कललेली असतात. बोटाने हलकेच दाबले तर ती सरळ होतात आणि पुढे आपोआप सुधारतात. मालीश करणाराला यश येते ते अशा पावलांचे. खरे क्लबफूट ताठ असते. ते तेलाला दाद देत नाही. दोहोंतला फरक डॉक्टरने बघायचा असतो.

आणि डॉक्टर शोधायला फार लांब जावे लागू नये, अशी तजवीज झालेली आहे. पालघरकरांनी हे जरूर लक्षात ठेवावे, की लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरातूनच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. जन्मल्यापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत जी तीसएक दुखणी आणि व्यंगे हुडकायची म्हणून यादी झाली, तिच्यात हे पाऊल आहे. तपासणीचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. पण तान्ह्या बाळासाठी पथकाची वाट पाहू नका. आशाताई घरी येते तेव्हा दुपटे सोडून दोन्ही पाय तिला दाखवा. पुष्कळ घरांत नेमके त्या दिवशी बाळ गुंडाळून ठेवतात.

आता हा उपचार कसा निघाला ते थोडके सांगतो. इग्नासिओ पोन्सेती नावाचे डॉक्टर १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. स्पेनमधल्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांची मोडलेली हाडे बसवली, पुढे देश सोडावा लागला, आणि फ्रान्स, मेक्सिको करीत ते १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोचले. त्या काळी अशा पावलांवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. पाऊल दिसायला सरळ होई. पण ती मुले मोठी झाली की पाय ताठर आणि दुखरे राहत. तान्ह्या बाळाचे सांधेबंध मऊ असतात, मग हलक्या हाताने पाऊल थोडे थोडे वळवत नेले तर चाकू कशाला, असा पोन्सेतींचा विचार. १९४८ च्या सुमारास त्यांनी तसे उपचार सुरू केले. इतर सर्जनांनी चाळीसएक वर्षे तिकडे फारसे लक्ष दिले नाही. या पद्धतीचा बोलबाला केला तो शेवटी आईबापांनी! १९९० नंतर इंटरनेटवरून त्यांनी ती एकमेकांना कळवली आणि ते आपापल्या डॉक्टरांना गळ घालू लागले. पोन्सेती २००९ साली वारले. आज जगभर, आणि आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतही, हीच पद्धत चालते. पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने बूटही फुकट मिळतात.

पद्धत अशी. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम. डॉक्टर पाऊल हलकेच जेवढे वळेल तेवढे वळवतात आणि जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालतात, गुडघा काटकोनात. आठवड्याने ते काढायचे, आणखी थोडे वळवायचे, नवे घालायचे. अशी पाच-सहा प्लास्टरे. मग बहुतेक मुलांची टाचेवरची ताठ शीर तेवढी जागा बधिर करून छेदतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात ती शीर लांब होऊन पुन्हा जुळून येते.

सांगायला हे सोपे. दर आठवड्याला दवाखाना म्हणजे घरातल्या एकाचा दिवस मोडला. बाजार बुडाला, नाही तर कंपनीतला खाडा पडला. बोईसर स्टेशन गाठा, लोकलच्या गर्दीत प्लास्टरचे बाळ सांभाळा. म्हणून मंडळी, या दोन-अडीच महिन्यांत शेजारणीने एखादे दिवशी घरातल्या मोठ्या मुलाला जेवू घातले, तरी तो उपचाराचाच भाग समजा. घरात आईने रोज एवढे पाहावे: पायाची बोटे गुलाबी आणि ऊबदार आहेत ना, आणि ती पुरती दिसताहेत ना. बोटे निळसर पडली, सुजली किंवा प्लास्टरच्या आत गेल्यासारखी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे. प्लास्टर भिजू द्यायचे नाही. बाळाचे अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे.

शेवटचे प्लास्टर निघते, पाऊल सरळ दिसते, घरात पेढे वाटले जातात. खरे काम लागते ते इथून. डॉक्टर दोन बूट देतात आणि त्यांच्यामध्ये एक आडवी दांडी. दांडी गावाला दांडीचे महत्त्व मी सांगायला नको! आत वळलेले पाऊल ती बाहेरच्या बाजूला धरून ठेवते. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास बूट पायात. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत. दिवसा ते सगळ्यांसारखे रांगते, चालते, धावते. मग माणसांना वाटते, पाय तर बरा झाला, आता हे लोढणे कशाला? पण ज्या ओढीने पाऊल आत गेले होते, ती ओढ पहिली काही वर्षे तशीच असते. बूट सुटले की पाऊल परत फिरते. फिरून आलेल्या पावलांची चौकशी केली तर बहुतेक वेळा हेच निघते, की बूट मध्येच बंद पडले होते.

ते कोण बंद करतो? निष्काळजी माणूस करत असेल असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. ते काम सर्वांत माया करणारे माणूस करते. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडते, कारण त्याला पाय वेगवेगळे झाडायची सवय आणि दांडीमुळे दोन्ही पाय एकदमच हलतात. आजीला ते रडणे ऐकवत नाही. “एक रात्र सोडा गं, लेकराला झोपू द्या,” म्हणून ती पट्टा सैल करते. बाळाला कळते, की रडलं की सुटतं. दुसऱ्या रात्री ते दुप्पट रडते. आजीबाई, तुमच्या मायेबद्दल कुणाला शंका नाही. पण या बाबतीत तुमचा हात थोडा कठोर लागेल. बूट घालून बाळाला मांडीवर घ्या, दांडी धरून दोन्ही पाय एकदम वर-खाली करा, खेळ करा. पाय एकत्र हलवायचे एकदा जमले की बाळ रडत नाही. दात घासणे, अंथरूण घालणे, तसे बूट घालणे. त्यावर रोज वाटाघाटी नकोत. एका रात्री आजीची दया, दुसऱ्या रात्री लग्नघर, तिसऱ्या रात्री मामाचे गाव, अशी बुटांना दांडी मारू लागलात तर दांडी देऊन उपयोग काय?

रडण्याला खरे कारण असले तर मात्र ते शोधलेच पाहिजे. टाच बुटात खाली पुरती टेकली आहे ना, पट्टा सैल राहून पाऊल आत घसरत नाही ना, ते बघा. आपल्याकडच्या दमट हवेत पाय घामेजतात. सुती मोजे घाला आणि ते रोज बदला. बूट काढल्यावर थोडा लालसरपणा दिसतो, तो जातो. फोड आला किंवा भडक लाल चट्टा राहिला तर डॉक्टरांना दाखवा. त्यावर तेल-मलम चोळू नका, कातडी अधिक मऊ होऊन सोलते. दांडीला जुने लुगडे गुंडाळा, म्हणजे बाळाला आणि शेजारी झोपणाऱ्या आईलाही ती लागणार नाही. पाऊल वाढले की बूट बदलून आणा. आणि हे सगळे आईच्याच माथी नको. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात. तेवढ्या दिवसांत तरी बाप हे काम शिकू शकतो. जाळ्याच्या गाठी मारणाऱ्या हातांना तीन पट्टे काय जड आहेत?

सगळीच पावले सरळ होतात असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पोलिओने गेलेले पाय आपल्या मागच्या पिढीने पाहिले. मुंबईच्या फातेमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतल्या बाई. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारासाठी त्या पार मद्रासपर्यंत गेल्या, आणि मग इतर मुलांसाठी १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत संस्था काढली. तिचे हाजीअलीचे रुग्णालय पुढे प्रसिद्ध झाले. भारतातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा. मेंदूला इजा झाल्याने ज्यांचे हातपाय ताठर होतात, त्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे दुखणे बुटांनी जाणारे नाही. मुंबईत मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने १९७२ मध्ये अशा मुलांची शाळा काढली. ती मुलगी मालिनी चिब. एका बोटाने टंकलेखन करून तिने लिहिलेले आत्मचरित्र २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या घरांनाही रोजचेच काम होते; फक्त त्याला चार वर्षांची मुदत नव्हती.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, ते निवडेल तिथे, मोफत शिकण्याचा हक्क आहे. “याला दुसरीकडे न्या,” असे आता पालकांना सांगता येत नाही. वर्गात ‘लंगड्या’ असले टोपणनाव पहिल्याच दिवशी बंद पाडा. पाय सुधारतो, नाव मात्र लग्नपत्रिकेपर्यंत चिकटून राहते.

क्लबफूट सुधारलेले मूल पाचव्या-सहाव्या वर्षी तुमच्याकडे येईल तेव्हा त्याचे बूट संपलेले असतील, घरच्यांचे लक्षही थोडे उडालेले असेल. पाऊल फिरू लागले तर ते पहिल्यांदा दिसेल तुम्हालाच, शाळेच्या मैदानात. पोर पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालते का, उकिडवे बसताना एक टाच जमिनीवरून उचलली जाते का, एकाच चपलेची बाहेरची कड लवकर झिजते का, हे पाहत जा. तसे वाटले तर आईबापांना बोलावून त्याच आठवड्यात दवाखान्यात धाडा. वेळेवर गेले तर पुन्हा थोडी प्लास्टरे घालून, किंवा एखादी लहान शस्त्रक्रिया करून, पाऊल जागेवर आणता येते. आणि एवढ्यावरून त्याला खो-खोच्या संघातून मात्र काढू नका.