पात्याची धार आणि घरगुती उद्योगाचे अर्थकारण

तंजावरच्या नेट्टी कामाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. पाणवनस्पतीचे मऊ, पांढरे भेंड धारदार सुरीने कापून कारागीर बृहदीश्वर मंदिराच्या प्रतिकृती घडवितात. पाते बोथट झाल्यास भेंड दबते, कडा फाटतात व माल वाया जातो. कागद कापणाऱ्या घरगुती यंत्राचेही तसेच आहे. पाते वेळीच बदलणे, कागद धरून ठेवणारा चिकट पट स्वच्छ राखणे आणि जाडीनुसार दाब ठरविणे अगत्याचे असते. म्हणून घसारा व देखभाल यांची तरतूद प्रत्येक नगाच्या किमतीत हवी. ती वगळल्यास दिसणारा नफा हा वस्तुतः भांडवलाचा क्षय असतो. मानांकन नावाचे रक्षण करते. मिळकतीचे रक्षण मात्र राखलेल्या अवजारावरच अवलंबून राहते.