'बॉम्बे से हो?'

मी दिल्लीत, मुनिरकात राहतो. जेएनयूला लागून असलेलं हे गाव. गाव म्हणतो, कारण आतल्या गल्ल्या अजून गावच्याच आहेत. फक्त दोन्ही बाजूंनी चार-चार, पाच-पाच मजले चढलेत आणि वर विजेच्या तारांचं जाळं झालंय. समोरून बाइक आली की आपण कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. आमच्या जिन्यावर मणिपूरची पोरं आहेत, केरळचे दोघं आहेत आणि माझा खोलीतला जोडीदार बिहारचा, मधुबनीचा. तो यूपीएससीची तयारी करतो.

इथं पहिला प्रश्न ठरलेला: "कहां से हो?" सुरुवातीला मी सांगायचो, हिंगोली. मग नांदेडच्या अलीकडे. मग मराठवाडा. समोरचा शेवटी म्हणायचा, "मतलब, बॉम्बे?" सहा महिन्यांत कंटाळलो आणि मीच म्हणायला लागलो, "हां, बॉम्बे."

आता खरं सांगतो. हिंगोलीहून मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या पुढं आहे. आम्हाला हैदराबाद त्याहून जवळ. मुंबई मी एकदाच पाहिली होती, सातवीत, काकांच्या आजारपणात. हॉस्पिटलचा व्हरांडा आणि बाहेरची वडापावची गाडी, एवढीच माझी मुंबई.

गेल्या हिवाळ्यात जोडीदार म्हणाला, "भाई, तुझं शहर दाखव. मी समुद्र पाहिलेला नाही." आता नाही कसं म्हणणार? रविवार-सोमवार ठरवला आणि निघालो.

रविवारी आधी सीएसएमटीला गेलो. मी म्हणालो, "हे बघ, फार जुनं स्टेशन." त्यानं मान वर करून घुमट पाहिला आणि सुरू झाला. इमारत १८८८ची, वास्तुविशारद स्टीव्हन्स, २००४ पासून जागतिक वारसा. १८५३ मध्ये याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, ३४ किलोमीटर. त्याला सगळं पाठ! शहर माझं आणि गाइड तो. मी गप्प बसून वडापाव घेतले.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसलो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पुरात कोसीचासुद्धा पलीकडचा काठ दिसत नाही. पण तो आहे, हे माहीत असतं. इथं तो नाहीच." मला वाटलं, या एका वाक्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल झाले.

सोमवारी गेटवे. तिथंही त्याचीच शिकवणी. पंचम जॉर्ज १९११ मध्ये या धक्क्यावर उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती पूर्ण झाली १९२४ मध्ये. राजा इथून पुढं दिल्लीला गेला आणि तिथल्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. म्हणजे आपण मुनिरकात भाडं भरतो, त्याची सुरुवात या धक्क्यावरून झाली, असं तो हसत म्हणाला.

मी रुबाबात म्हणालो, "चल, बोटीनं एलिफंटाला जाऊ." बोटीच्या तिकिटाची चौकशी केली. माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "सोमवारी लेणी बंद असतात. मुंबईत नवीन का?"

जोडीदाराला मराठी येत नाही, पण 'मुंबईत नवीन' एवढं त्याला कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी सगळं सांगून टाकलं. हिंगोली, काकांचं हॉस्पिटल, खोटं बोलायची सवय. कान गरम झाले होते.

तो चिडला नाही. म्हणाला, "मी सगळ्यांना पटना सांगतो. मधुबनी म्हटलं की लोक चित्रांचं विचारतात, आणि मला तर साधी रेघ सरळ काढता येत नाही."

एलिफंटा हुकलं, म्हणून पायी निघालो आणि हुतात्मा चौकात पोचलो. तिथं पहिल्यांदाच तो थांबला. १ मे १९६० ही तारीख त्याला माहीत होती, पण हे स्मारक कुणाचं, ते माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. आमच्या शाळेत दर १ मे रोजी झेंडावंदनाला सर सांगायचे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून झालेलं आंदोलन, इथला गोळीबार, १०६ हुतात्मे. मी त्याला हेही सांगितलं की आमचा मराठवाडा आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

तो पुतळ्याकडे बघत होता. "हे दोघं कोण?"

"एक कामगार, एक शेतकरी. दोघांनी मिळून मशाल धरलीय."

"तुझे वडील काय करतात?"

"शेती."

तो एवढंच म्हणाला, "मग तू अगदीच खोटं बोलत नव्हतास."

ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. पण मनातून मला माहीत होतं की शहरावर हक्क असणं वेगळं आणि आपल्या गावाचं नाव लपवणं वेगळं. मी लपवत होतो, कारण ते समजावून सांगायला दोन मिनिटं जास्त लागतात.

आता मी ती दोन मिनिटं देतो. मुनिरकात कुणी विचारलं, "कहां से हो?" की सांगतो, हिंगोली. "मतलब, बॉम्बे?" असं आलंच, तर म्हणतो, "नाही. पण मुंबईत काय बघायचं ते सांगू शकतो. फक्त सोमवारी जाऊ नका."