बैलाची पाठ हाताने वाचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाचे, कर्जाचे बोलणे आज पुष्कळ झाले. आता थोडे दावणीकडे वळू.

गावोगाव ट्रॅक्टर आले. तरी कोरडवाहू कपाशीत डवऱ्याचे फेर अजून बैलच धरतात. ज्याच्या दावणीला जोडी नाही, त्याची पेरणी दुसऱ्याच्या सवडीने होते. पाऊस पडून वाफसा आला की चार-सहा दिवसांत पेरून घ्यावे लागते. त्या दिवसांत बैल जुवाखाली बसला तर वाया गेलेली ओल कोणत्याही खताने भरून निघत नाही.

बैल कामाला तयार आहे की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? बहुतेक जण पोटावरून. पण पोट कडब्याने भरते, पाण्याने फुगते. बैलाची खरी शिल्लक पाठीवर असते. बाजारातल्या दलालाला हे पक्के ठाऊक आहे. तो आधी पाठीवरून हात फिरवतो, मग रुमालाखाली बोटे धरतो. त्याच्या हाताला जे कळते, ते मालकाच्या हाताला आधी कळायला हवे. आपण खांदेमळणीला वर्षातून एकदा खांद्याला हात लावतो. पाठीला महिन्यातून एकदा तरी लावला पाहिजे.

याचे शास्त्रही आहे. आफ्रिकेसाठीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन केंद्राने 1986 साली वशिंडाच्या गुरांसाठी नऊ पायऱ्यांचे मोजमाप छापले. रोड, मध्यम आणि लठ्ठ, आणि प्रत्येकाच्या तीन पायऱ्या. आपली खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ ही सगळी वशिंडाचीच गुरे. आपल्याला तीन पायऱ्या पुरेत.

हात चार ठिकाणी ठेवायचा.

पहिले, शेवटच्या बरगड्या. न दाबता एकेक मोजता आली तर बैल रोड. थोडे दाबल्यावर लागली तर मध्यम.

दुसरे, कमर. बरगडी संपते आणि खुबा सुरू होतो, त्यामधल्या आडव्या हाडांची टोके चाचपा. टोके बोटाला टोचली तर रोड, गोलसर लागली तर मध्यम, दाबूनही सापडली नाहीत तर लठ्ठ.

तिसरे, शेपटीचे मूळ. दोन्ही बाजूंना खोल खळगे पडले असतील तर शिल्लक संपत आली.

चौथे, वशिंड. ते भरलेले आहे की आक्रसले आहे?

शेजाऱ्याच्या बैलाशी तुलना करू नका. खिल्लार जात्याच सडपातळ. आपल्याच बैलाची गेल्या महिन्याशी तुलना करा, आणि हात दर वेळी एकाच माणसाचा असू द्या. वैरण टाकणारा हात बहुतेक घरी मायबहिणींचा असतो. हे काम त्यांच्या हाताला सर्वांत चांगले जमेल.

आता खुराकाचा हिशेब. दोरी इंचपट्टीवर मोजून घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 66 इंच आणि लांबी 54 इंच असली तर वजन भरते सुमारे 356 किलो. दर शंभर किलो वजनामागे दोन ते अडीच किलो सुका चारा धरा. म्हणजे या बैलाला रोज सात ते नऊ किलो लागतो.

पण नुसत्या कडब्यावर पाठ भरत नाही. कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. तेवढ्यावर पोटातले जिवाणू उपाशी राहतात, चारा पचायला वेळ लागतो आणि बैल कमी खातो. सोबत किलोभर सरकीची ढेप गेली की तोच कडबा जास्त अंगी लागतो. जड कामाच्या दिवसांत खुराक दोन किलोपर्यंत न्यावा. रोज मूठभर मीठ-क्षारांचे मिश्रण द्यावे.

ढेप परवडत नसेल तर कुट्टीवर युरियाची प्रक्रिया करा. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया, पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा, आणि कुट्टी दाबून एकवीस दिवस हवाबंद झाकायची. उघडल्यावर वास उडू द्या, मग थोडी थोडी सुरू करा. वासरांना ती देऊ नका. युरियाचे पाणी उघडे ठेवू नका. जनावर ते प्यायले तर मरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. पेरणीच्या तोंडावर पायलीभर ज्वारी घातली म्हणजे बैलाला ताकद येईल, ही समजूत घातक आहे. एकदम पडलेल्या धान्याने पोटात आम्ल होते, बैल चारा सोडतो, प्रसंगी दगावतो. दाणा वाढवायचा तो दहा-पंधरा दिवसांत, चढत्या मापाने. आणि काम सुरू झाल्यावर पाठ भरणे अवघड. बैल तेव्हा खाल्लेले औताला देतो. म्हणून चाचपणी फाल्गुनात हवी. हाताशी तीन महिने राहतात, जुना कडबाही असतो.

खुराक घालूनही पाठ भरत नसेल तर ढेपीचे पोते आणण्याआधी दात बघा, आणि जंतांचे औषध देण्याबद्दल जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. झिजलेल्या दातांना कुट्टी द्या.

घरचा कडबा आपण फुकट धरतो, आणि बैलाच्या पाठीवरून उतरलेले मांस तर हिशेबातच धरत नाही. दर पेरणीला ती किंमत आपण मोजतो, पण वहीत कुठे लिहीत नाही. या जिल्ह्यात ज्वारी मागे पडत चालली, कडबा महागला. तेव्हा हे लिहायला लागले पाहिजे.

दर अमावस्येला गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने प्रत्येक बैलापुढे एक अक्षर लिहा: र, म किंवा ल. फाल्गुनात ज्याच्यापुढे 'र' असेल, त्याची ढेप त्याच दिवसापासून सुरू करा. मृग निघेल तेव्हा त्या भिंतीवर 'म' दिसला पाहिजे.