एका दिवसाची खुर्ची

(रानशेत येथे विद्यार्थी आणि शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



५ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांत स्वयंशासन दिनाची गडबड सुरू होते. दहावीच्या मुली आईची साडी नेसून येतात, कुणी मुख्याध्यापक होतो, कुणी गणिताचे सर. सोलापूरला दहावीत असताना मीही हात वर केला होता. मला भूमिती शिकवायची होती. घरी आम्ही दखनी बोलायचो, माझं मराठी 'शुद्ध' नव्हतं. मला शिपाई केलं. शिपायाचं काम हलकं नाही. पण ते माझ्याच वाट्याला का आलं, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर मी घंटा वाजवली आणि मनातल्या मनात पायथागोरसचं प्रमेय समजावत राहिलो.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून हे हसत सांगतो. पण फळ्यापासून परत पाठवलेली सगळीच मुलं पुढे शिकत नाहीत. 'आपण फक्त ऐकायचं' एवढंच शिकून काही जण शाळा सोडतात.

स्वयंशासन हा शब्द मोठा आहे. पण विषय, वेळापत्रक, फळ्यापाशी कोण उभं राहणार, हे सगळं शिक्षकच ठरवतात. मुलांना एका दिवसाची खुर्ची मिळते, निर्णय मिळत नाही. ६ तारखेला खुर्चीही जाते.

आपल्याकडे याहून जुनी एक रीत आहे. माझे मामू मदरशात शिकले. उस्तादांचा सबक संपला की मुलं घोळक्यानं बसायची. एक जण तोच धडा समजावायचा, बाकीचे त्याला अडवायचे. याला म्हणतात 'तकरार'. मूळ अरबी अर्थ, पुन्हा पुन्हा करणं. मराठीत तोच शब्द 'तक्रार' झाला. मला दोन्ही अर्थ हवेत: धडा पुन्हा सांगायचा आणि पटलं नाही तर तक्रारही करायची. मामू म्हणायचे, "सुनते वक्त सब समझता. सुनाने बैठे तो मालूम पड़ता." आमच्या कामातही हेच. चूक सापडत नसली की आम्ही शेजाऱ्याला कोड समजावायला बसतो. पुष्कळदा तो काही बोलायच्या आतच चूक दिसते.

याच डहाणू तालुक्यात कोसबाड आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत? धाकटं भावंड सांभाळायचं असतं, गुरं चारायची असतात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली, गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांचं जगणं पाहून शाळेनं स्वतःची मांडणी बदलली.

माझं मागणं त्याहून लहान आहे. महिन्यातला एक दिवस मुलांना द्या. काय शिकायचं आणि कुणाकडून, हे त्यांनी बैठक घेऊन ठरवावं. गट पाच-सहा जणांचे, म्हणजे बुजऱ्या मुलालाही तोंड उघडता येईल. पाळी प्रत्येकाची, नंबर वरचा असो की खालचा. वारली, दखनी, उर्दू, मराठी, ज्या भाषेत कळतं त्या भाषेत. कुणी अपूर्णांक शिकवेल, कुणी भाताची आवणी. शेवटचा तास तक्रारीचा: काय कळलं नाही, कुणाची पाळी राहिली, पुढच्या वेळी काय बदलायचं. शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावं. कुणी चुकीचं शिकवलं तर लगेच उठू नका. आधी मुलांना चूक पकडू द्या. नाहीच पकडली तर शेवटी दुरुस्त करा.

एक धोकाही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मुलांनी मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली. पुढे ती इंग्लंडात पसरली, कारण एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं शिकत. मोठ्यानं सांगायचं, लहानांनी मागून म्हणायचं, ठरवणार मास्तरच. तसलं काही आपल्याला नको. शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ती भरण्याची मागणी आपण सोडायची नाही. मुलं शिकवतात म्हणून शिक्षक कमी केले, तर ती मुलांची फसवणूक ठरेल.

शिक्षकांना शेवटची विनंती. येत्या ५ सप्टेंबरला घंटा वाजवणाऱ्या मुलाजवळ जरा थांबा. त्याला विचारा, "तुला काय शिकवायचं होतं?" मी वीस वर्षं उत्तर तयार ठेवून बसलोय.