चाच्यांचं मतदान

चाच्यांच्या जहाजावर मतदान होत असे! बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या टोळीचे नियम १७२४ साली छापले गेले. महत्त्वाच्या बाबीत प्रत्येकाला मत. पैसे लावून पत्ते, फासे बंद. रात्री ८ वाजता दिवे मालवायचे. पुढे दारू प्यायचीच असेल, तर उघड्या डेकवर जाऊन प्या. वाजंत्र्यांना आठवड्याची सुट्टीसुद्धा! लुटीत कप्तानाला दोन वाटे, साध्या खलाशाला एक. व्यापारी जहाजांवर एवढी समानता कुठली?

पण हे सगळं टोळीपुरतंच. जानेवारी १७२२मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या व्हिडा बंदरात एका गुलामवाहू जहाजाच्या कप्तानानं खंडणी नाकारली. रॉबर्ट्सच्या माणसांनी जहाज पेटवलं. आत सुमारे ८० गुलाम होते, दोघादोघांना एकत्र जखडलेले. बेड्या काढत बसायला चाच्यांना सवड नव्हती.