इशाऱ्यांची गर्दी आणि मूळ कारणाचा शोध



३० जुलै २०१२ रोजी मध्यरात्रीनंतर अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे विद्युत-जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याची झळ पोहोचली. रेल्वेगाड्या खोळंबल्या, पश्चिम बंगालमध्ये खाण कामगार भूगर्भात अडकले.

अशा प्रसंगी भार प्रेषण केंद्रातील संगणकाच्या पडद्यावर काही क्षणांत इशाऱ्यांची रीघ लागते. वाहिनी बंद झाली, दाब घसरला, संच थांबला. यांतील प्रत्येक इशारा खरा असला, तरी बहुतेक इशारे परिणामांचे असतात, कारणाचे नव्हे. बँक वा रेल्वे आरक्षणाच्या संगणक-जाळ्यातही असेच घडते. एक जोडणी तुटली की तिच्यावर विसंबलेली सर्व यंत्रे तक्रार करू लागतात.

संबंधित इशारे एका सूत्रात गुंफण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली म्हणजे समान घड्याळ. घटना सेकंदाच्या अंशांत घडत असल्याने घड्याळे जुळलेली नसतील, तर आधी काय व नंतर काय हे ठरत नाही. उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेल्या फेजर मापन उपकरणांचे महत्त्व यातच आहे. दुसरी म्हणजे कोणता घटक कोणावर अवलंबून आहे, याचा अद्ययावत आराखडा.

२०१२ मध्ये दोन्ही दिवशी साखळीची सुरुवात ४०० किलोव्होल्टच्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीपासून झाली. मात्र चौकशीत तेथे प्रत्यक्ष बिघाड आढळला नाही. वाढलेल्या भारालाच संरक्षक यंत्रणेने दोष मानले होते. भार का वाढला? काही वाहिन्या आधीच बंद होत्या, आणि राज्ये ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा अधिक वीज उचलत होती. वीज कमी उचलण्याच्या सूचनांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नव्हता.

येथे प्रश्न अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. जादा उचलीचा आकार पर्यायी विजेच्या दरापेक्षा कमी असेल, तर शिस्त मोडणे किफायतशीर ठरते. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २०१४ मध्ये विचलनाबाबत नवे विनियम लागू करून अशा उचलीवर मर्यादा घातल्या.

संगणक फार तर पहिल्या वाहिनीपर्यंत पोहोचवू शकतो. त्यामागील नियोजन, दर आणि उत्तरदायित्व यांची तपासणी संस्थांनीच करावयाची असते. ती टाळल्यास दुरुस्ती वाहिनीपुरतीच राहील आणि मूळ कारण जागच्या जागी राहील.