हातभर अंतर, भडोचचा फेरा



पंखे शेवटपर्यंत चालतील याची खात्री नसतानाही तुम्ही भर उन्हाळ्यात आलात. आणि विषय काय, तर मोबाइलमधली फाईल वायरशिवाय कॉम्प्युटरमध्ये कशी न्यावी! हा व्याख्यानमालेचा नव्हे, मोबाइलच्या दुकानातला विषय आहे असे कुणाला वाटत असेल, तर त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही सेतू केंद्रात तासभर उभे राहावे.

माणूस कागदपत्रांचे फोटो घेऊन येतो. चालक मान वर न करता सांगतो, ‘या नंबरवर व्हॉट्सअॅप करा.’ आधार, सातबारा, पासबुक, सगळे त्या नंबरवर जाते. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा घराघरातल्या बायकांची कागदपत्रे अशीच परक्या फोनमध्ये गेली.

फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात अंतर हातभर. फाईल मात्र आधी टॉवरवर, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग परत त्याच टेबलावर. आपल्या तेरचा, म्हणजे प्राचीन तगरचा, माल गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून समुद्रापार. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तशी नोंद आहे. पण तेरमधल्याच शेजाऱ्याला कापड द्यायला कुणी ते भडोचमार्गे धाडत नसेल.

या फेऱ्यात फक्त डेटा जातो असे नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते आणि सातबाऱ्यावरची बारीक अक्षरे पुसट होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फोटोच्या फाईलमध्ये तो कधी काढला याची नोंद असते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर कुठे काढला याचीही. ती नोंद वाटेत गळते. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने पिके गेली, तेव्हा शेतकऱ्यांच्या हातात पुरावा म्हणून फोनमधला फोटोच होता. अशा फोटोतली तारीख आणि जागा घालवून बसणे आपल्याला परवडणारे नाही. अगदी व्हॉट्सअॅपच वापरायचे, तर निदान तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

मग जवळचा रस्ता कोणता? एकेकाळी घरातल्या रेडिओलाही परवाना लागे; पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरलेले ज्येष्ठ या सभागृहात असतील. आज ब्लूटूथ आणि वायफाय ज्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात, त्या कमी शक्तीच्या उपकरणांसाठी सरकारने 2005 मध्ये परवानामुक्त केल्या. ब्लूटूथ सोपे, पण संथ: शंभर एमबीच्या व्हिडिओला सात-आठ मिनिटे सहज लागतात. वायफायवर तेच काम काही सेकंदांत होते. म्हणून ‘क्विक शेअर’सारखी सोय दोन्ही वापरते, ब्लूटूथने समोरचे यंत्र शोधते आणि वायफायने फाईल नेते. ती अँड्रॉइड फोनमध्ये असतेच, विंडोजसाठी फुकट मिळते. पूर्वी आपल्याकडे पोरे ‘शेअरइट कर’ म्हणायची. 29 जून 2020 रोजी सरकारने बंदी घातलेल्या 59 अॅपमध्ये शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती.

मला स्वतःला ‘लोकलसेंड’ अधिक पसंत आहे. फुकट, जाहिराती नाहीत, आयफोनवरही चालते. अट एकच, दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर हवीत. राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट पुरतो. या देवघेवीत इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. अर्ज भरायला नेट लागतेच. फाईल घ्यायला लागत नाही.

अडते ते भलत्याच ठिकाणी. जुन्या डेस्कटॉपला वायफायच नसते. त्यावर काही शे रुपयांचा डोंगल लावला की काम होते, किंवा राउटरची केबल आधीच जोडलेली असेल तर तीही चालते. दुसरे, विंडोज विचारते, ‘पब्लिक की प्रायव्हेट?’ आपण घाईत पब्लिक दाबतो आणि कॉम्प्युटर फोनला दिसेनासा होतो. मग लोक अॅपला शिव्या देतात. आपला स्वतःचा हॉटस्पॉट किंवा राउटर असेल तर प्रायव्हेट निवडावे. आणि गर्दीत पाठवण्याआधी समोरच्या यंत्राचे नाव नीट वाचावे, नाहीतर आधार कार्ड शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे पोहोचायचे.

व्हॉट्सअॅपचा निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे खरे. पण प्रश्न वाटेचा नाही, मुक्कामाचा आहे. प्रत चालकाच्या फोनमध्ये राहते, शिवाय कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्येही. थेट पाठवले तर निदान चालकाच्या फोनमधली प्रत टळते. दुसरी मात्र हातानेच पुसावी लागते, कोणतेही अॅप ती तुमच्यासाठी पुसणार नाही.

म्हणून सेतू चालकांना माझी विनंती आहे. फोन नंबराच्या पाटीशेजारी आपल्या कॉम्प्युटरचे नावही लावा. काम झाले की गिऱ्हाइकासमोरच ती फाईल पुसा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. आणि तुम्ही, श्रोतेहो, ती पुसली की नाही हे विचारायला लाजू नका. ज्यांना आत्ताच करून पाहायचे आहे त्यांनी फोन घेऊन पुढे यावे. माझा लॅपटॉप चालू आहे.